चादरीचं दुसरं टोक

भिंगरीच्या आईने भांडणाची जय्यत तयारी केली होती. मुलीला शाळेतून काढून घरीच शिकवायचं, हा विषय ती जेवताना काढणार होती. त्यावर सासूबाई काय म्हणतील, नवरा काय म्हणेल आणि कुणाला काय उत्तर द्यायचं, हे तिने भाजी चिरताना, इस्त्री फिरवताना, केस विंचरताना घोकून ठेवलं होतं. झालं भलतंच. तिने विषय काढला, नवऱ्याने घास गिळला आणि म्हणाला, "चांगली कल्पना आहे." सासूबाई म्हणाल्या, "मी तर कधीची म्हणतेय." आणि त्यांनी भाताचं पातेलं पुढे सरकवलं.

संपला विषय. दार ढकलायला जोर लावावा आणि दार उघडंच असावं, तशी तिची गत झाली. तोल गेला तो गेलाच. त्या दिवसापासून तिला चैन म्हणून पडेना. मनासारखं झालं तर माणसाने सुखाने झोपावं की नाही? ही बाई भांडी घासता घासता थांबायची आणि नळाच्या धारेकडे बघत बसायची.

हे घर लाँड्रीवाल्यांचं. खाली लाँड्री, वर राहायच्या तीन खोल्या, त्याच्यावर गच्ची. दोन लॉज आणि एक प्रसूतीचा दवाखाना यांच्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे इथे येत. मशीन फिरवणं आणि गाडीवरून गठ्ठे पोचवणं हे नवऱ्याचं काम. खळ आणि नीळ सासूबाईंकडे, त्या बाबतीत त्या कुणाच्या बापाचं ऐकत नसत. इस्त्री भिंगरीच्या आईकडे. आणि घड्या आत्याकडे. आत्या म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, लग्न न झालेली, चाळिशी ओलांडलेली, दिवसभरात मोजकं बोलणारी.

आता चादरीची गोष्ट अशी की तिची घडी एकट्याने घालता येत नाही. घरातली छोटी चादर घालाल तुम्ही कशीबशी हनुवटीत धरून, पण दवाखान्याच्या लांबरुंद चादरीला दोन माणसं लागतात. दोघांनी दोन-दोन कोपरे धरायचे, एकदम झटकायचं, ताणायचं, अर्धी करायची, चालत एकमेकांकडे यायचं आणि आपले कोपरे दुसऱ्याच्या हातात द्यायचे. एका टोकाला आत्या. दुसऱ्या टोकाला जे कुणी मोकळं असेल ते. आणि आत्याचा उजवा खांदा गेल्या वर्षापासून आखडला होता. डॉक्टरने हात वर करायला बंदी घातली होती.

हे झालं घराचं. मुलांचं असं की भिंगरी बारा वर्षांची, सातवीत. नाव आजोबांनी पाडलेलं, कारण ही पोर एका जागी ठरत नसे आणि तिची जीभही. धाकटा ढब्बू नऊ वर्षांचा. तो शाळेत जायचा तो मधल्या सुट्टीसाठी आणि मैदानासाठी. त्याच्या मते बाकीचे तास म्हणजे शाळेने त्यासाठी वसूल केलेली किंमत होती.

भिंगरी मात्र खरंच शिकायला जायची आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. वर्गात साठ-पासष्ट मुलं, वर्गाच्या बाई दमलेल्या, आणि ही हात वर करून विचारणार, "बाई, चंद्र दिवसा का दिसतो? मग तो रात्रीचा कसा?" बाईंनी नियम केला. धड्याबाहेरचं जो विचारील त्याने तास संपेपर्यंत दाराशी उभं राहायचं. भिंगरी इतक्यांदा उभी राहिली की मुलं त्या कोपऱ्याला भिंगरीचा कोपरा म्हणू लागली. मग तिने विचारणंच बंद केलं. आणि मग रोज सकाळी तिचं पोट दुखायला लागलं.

आई एकदा शाळेत जाऊन आली होती. मुख्याध्यापिका हसून म्हणाल्या, "मुलीला जरा गप्प बसायला शिकवा, म्हणजे झालं." ती ओठ चावत घरी आली. त्यानंतर वाचनालयात एका जोडप्याचं बोलणं झालं. ते आपल्या दोन्ही मुलांना घरीच शिकवत होते. ती पहिल्या रांगेत बसून ऐकत होती. मुलं आपापल्या वेगाने शिकतात, भीती नसते, प्रश्नाला प्रश्नच म्हणतात, हे सगळं तिच्या डोक्यात पक्कं बसलं. आणखी एक वाक्य ते नवरा-बायको बोलले होते, तेवढं मात्र तिच्या मनातून निसटलं. ते पुढे येईल.

तर सत्राची सुट्टी लागली आणि ठरलं की सुट्टीत घरच्या शाळेचा अंदाज घ्यायचा. जमलं तर शाळा उघडताच नवरा जाऊन भिंगरीचं नाव काढून येणार. वरच्या खोलीत खिडकीशी टेबल लागलं. पहिले दिवस तर असे गेले की आईला वाटलं, आपण उगाच जिवाला घोर लावून घेत होतो. भिंगरीचं पोट दुखायचं थांबलं. ती सकाळी स्वतःहून टेबलाशी येऊन बसायची. गच्चीवर जाऊन तिने दिवसाचा चंद्र शोधला, रोज त्याचं चित्र काढलं, आणि तो कुठून कुठे सरकतो यावर ढब्बूशी वाद घातला. प्रश्नांचा बांध फुटला होता.

पण खालून हाक यायची. "भिंगरी, जरा टोक धर गं."

एक चादर. दोन मिनिटांचं काम. भिंगरी उड्या मारत खाली जायची. एक चादर म्हणता म्हणता आख्खा गठ्ठा व्हायचा. ती परत यायची तोवर टेबलावरचा विषय निवलेला असायचा. कुठवर आलो होतो, हे आईलाही आठवत नसे. एकदा ढब्बू म्हणाला, "मी जातो," तर आजीने खालूनच सांगितलं, "तू बस, तुझं गणित मोडेल."

आईने ऐकलं. तिला काहीतरी टोचलं, पण काय ते कळलं नाही. रात्रीचं जेवण करताना मीठ दोनदा पडलं.

मग तिने ठरवलं, कामाशी भांडण्यापेक्षा कामातूनच शिकवू. घरच्या शिक्षणाची सगळी माणसं हेच सांगतात. ती खाली गेली, चादरीचं एक टोक स्वतः धरलं, दुसरं भिंगरीला दिलं. "ही पूर्ण चादर. घाल घडी. आता?" "अर्धी." "अजून एक." "पाव." "अजून." "अर्धपाव." भिंगरीचे डोळे चमकले. अर्धपावाच्या आठ घड्या मिळून एक चादर होते, हे तिने बोट लावून मोजून दाखवलं. नवरा मशीन थांबवून बघत उभा राहिला. "बघ," तो अगदी मनापासून म्हणाला, "याला म्हणतात शिक्षण. धंद्यातच सगळं गणित आहे. शाळेत काय वेगळं शिकवतात?" त्याने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. सासूबाई म्हणाल्या, "पोरगी हुशार आहे गं." आईची मान ताठ झाली. तिचाच धडा होता तो.

आत्या तिथेच अभ्रे रचत होती.

संध्याकाळी गच्चीवर दोघी वाळलेले टॉवेल काढत होत्या. आत्या डाव्या हाताने चिमटे काढायची, आई टॉवेल खांद्यावर टाकायची. आत्या मध्येच म्हणाली, "मलाही अपूर्णांक असेच शिकवले होते."

"कुणी?"

"बाबांनी. याच चादरींवर. अर्धी, पाव, अर्धपाव. फार प्रेमळ होते गं. असाच डोक्यावरून हात फिरवायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आमची पोरगी हुशार." तिने चिमटा डब्यात टाकला. "चादरीची घडी अर्धपावाच्या पुढे जात नाही. म्हणून पुढचं राहिलं."

आईचे हात थांबले. आत्या सातवीनंतर घरी बसली एवढंच तिला माहीत होतं. लग्न होऊन आली तेव्हा कुणीतरी सांगितलं होतं, तिला अभ्यासाची आवड नव्हती म्हणून. "ताई, तुम्हाला शाळेतून काढलं कशासाठी?"

"काढलं कुठे? कुणीच काढलं नाही. आईचा हात वाफेने भाजला होता. म्हणाले, दोन दिवस जाऊ नकोस, टोक धरायला कुणी नाही. मग म्हणाले, उद्या जा. दुसऱ्या दिवशी पण म्हणाले, उद्या जा. मी दप्तर भरून ठेवायची रोज." ती थोडी हसली. "नंतर ते दप्तर भाऊने नेलं. माझं नवंच होतं."

"तुम्हाला राग नाही आला?"

"कुणाचा येणार? सगळे चांगलेच होते."

तिने टॉवेलांचा ढीग उचलला आणि ती जिना उतरून गेली. भिंगरीची आई गच्चीवरच उभी राहिली. दुपारचा तो कौतुकाचा धडा आता तिला घशाशी आला. आपण भांडायला निघालो होतो आणि कुणी का भांडलं नाही, ते तिला आता कळलं. या घराला घरची शाळा मुळीच नवी नव्हती. या घरात ती चालू होतीच. तिची एक विद्यार्थिनी खांदा आखडून आत्ताच खाली गेली होती आणि जागा रिकामी होत होती.

तरीही ती लगेच काही बोलली नाही. का? कारण पोर हसत होती. शाळेत परत पाठवली की पोट दुखणार, कोपरा आहेच. तिकडे दाराशी उभं राहायचं आणि इकडे टोक धरायचं, यातलं कमी वाईट काय, हे तिला ठरवता येईना. ती रात्रभर कूस बदलत राहिली. सकाळी चहा उतू गेला. दुपारी इस्त्री एका जागी राहिली आणि अभ्र्यावर पिवळा डाग पडला. सासूबाई म्हणाल्या, "लक्ष कुठंय तुझं?" लक्ष सगळीकडे होतं, हाच तर त्रास होता.

आणि मग ते घडलं. आत्या खांदा शेकायला दवाखान्यात गेली होती. आईने चादर उचलली, दोन कोपरे धरले आणि सवयीने हाक मारली, "भिंगरी, जरा टोक धर गं."

भिंगरी आली. वाचता वाचता आली होती, पुस्तकात एक बोट तसंच घालून. एका हाताने टोक धरता येईना, म्हणून तिने पुस्तक खाली ठेवलं, मशीनजवळच्या ओल्या फरशीवर. आईचं लक्ष जिन्याकडे गेलं. पहिल्याच पायरीवर ढब्बू बसला होता. हातात चेंडू, काम काही नाही. हाक मारताना तो तिला समोर दिसत होता. दिसत असून तिने वरच्या मजल्यावरच्या मुलीला हाक मारली होती. सासूबाईंनी नाही, नवऱ्याने नाही. तिने, जी वाचनालयात पहिल्या रांगेत बसली होती.

त्या क्षणी ते निसटलेलं वाक्य तिला आठवलं. त्या जोडप्यातली बाई म्हणाली होती, "आमच्याकडे सकाळची वेळ मुलांची. त्या वेळात त्यांना घरात कुणी कुठल्या कामाला हाक मारत नाही. हे पाळता येत नसेल तर कृपा करून शाळा सोडू नका."

"आई, धर ना," भिंगरी म्हणाली. पुस्तकाची पानं पाणी पीत होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी दवाखान्याचा मोठा गठ्ठा आला होता आणि सगळे खालीच होते. नवरा बाहीने घाम पुसत म्हणाला, "उद्या शाळा उघडते. मी गाडीवरून जाता जाता भिंगरीचं नाव काढून येतो."

"दोघांचंही काढा," भिंगरीची आई म्हणाली.

"दोघांचं म्हणजे?"

"ढब्बूचंही. घरचं शिक्षण चांगलं म्हणालात ना? धंद्यातच सगळं गणित आहे. मग तोही शिकू दे."

नवरा हसला. त्याला वाटलं ही थट्टा करतेय. तिचा चेहरा बघून त्याचं हसू ओसरलं. "त्याचं कशाला? उगाच त्याचं नुकसान होईल. मुलाला पुढे दहा ठिकाणी जायचं असतं, कागद लागतात, ओळखी लागतात. वर्षं वाया जातील त्याची."

सासूबाईंनी खळीचं पातेलं खाली ठेवलं. "बरोबर बोलतोय तो. मुलाचं वेगळं असतं."

"काय वेगळं असतं ते सांगा," ती म्हणाली. "माझं काही म्हणणं नाही. फक्त तिच्या तोंडावर सांगा."

भिंगरी चादरीचं टोक धरून उभी होती. दुसऱ्या टोकाला आत्या, डाव्या हाताने सांभाळत. मुलीने एकदा वडिलांकडे बघितलं, एकदा भावाकडे. मग तिने विचारलं, आणि रागाने नाही, चंद्राबद्दल विचारायची तसंच विचारलं. "बाबा, घरी शिकून ढब्बूचं नुकसान होणार असेल, तर माझं का होणार नाही?"

उत्तर सुचलं नाही की मोठी माणसं जे करतात तेच बापाने केलं. तो म्हणाला, "असले प्रश्न विचारायचे नसतात."

भिंगरीने टोक सोडलं. चादर फरशीवर पडली. ती चालत गेली आणि लाँड्रीच्या दाराशी, चौकटीला पाठ लावून, हात मागे घेऊन उभी राहिली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. तिला ठाऊक होतं की असा प्रश्न विचारला की कुठे उभं राहायचं असतं.

बापाने ते पाहिलं. शाळेतल्या कोपऱ्याची गोष्ट त्याच्या कानावर आली होती, पण ती ऐकणं वेगळं आणि आपल्या घरात, आपल्या शब्दाने पोर तशी उभी राहिलेली बघणं वेगळं. त्याने मशीन बंद केलं. "भिंगरी, ये इकडे," तो म्हणाला. ती हलली नाही. तास संपायचा होता.

तेव्हा आत्या बोलली. आयुष्यात आवाज न चढवणारी ती बाई आताही आवाज न चढवता बोलली. "भाऊ, ते टोक तू धर."

"ताई, मला कुठे येतं..."

"मला तरी कुठे येत होतं? शिकवते. घरीच शिकायचं आहे ना?"

सासूबाई ताडकन उठल्या, "आता बाप्याने चादरींच्या घड्या घालायच्या का," म्हणाल्या आणि वर निघून गेल्या. दोन दिवस त्या कुणाशी धड बोलल्या नाहीत, खळही घट्ट झाली. ते झालंच. गोष्टीत सगळे एकदम शहाणे होतात, घरात होत नाहीत. नवरा मात्र वाकला. त्याने टोक उचललं, उलटे कोपरे धरले, आत्याने सुधारले, त्याने पुन्हा चुकवले. पहिली घडी इतकी वाकडी झाली की दवाखान्याने परत पाठवली असती. भिंगरीची आई दाराशी गेली आणि लेकीचा मागे बांधलेला हात सोडवून तिने आपल्या हातात घेतला.

"उद्या शाळेत जायचं," ती म्हणाली.

भिंगरीचा चेहरा पडला. "आणि पोट दुखलं तर?"

"तर मी येईन. पण घरी न्यायला नाही. तुझ्याशेजारी उभी राहायला."

आणि ती खरंच गेली. सोमवारी मुख्याध्यापिकांच्या खोलीत ती खुर्चीच्या टोकावर बसली. पण घोकलेलं सगळं भांडण तिथे कामी आलं. ती म्हणाली, "माझी मुलगी विचारणार. तिला दाराशी उभं केलंत तर मी पण दाराशी उभी राहीन. रोज. लाँड्रीचं काम मी संध्याकाळी करीन." मुख्याध्यापिका हसल्या, पण या वेळी ते हसू फार टिकलं नाही. त्याच आठवड्यात एकदा भिंगरीने हात वर केला, बाईंनी दाराकडे बोट केलं, मधल्या सुट्टीत ढब्बू पळत जाऊन घरी सांगून आला, आणि सुट्टीनंतर सगळ्या वर्गाने बघितलं की दाराबाहेर तिची आई उभी आहे, इस्त्रीच्या कामाचे कपडे तसेच अंगावर. नुसती उभी राहिली. पुढच्या वेळी आणखी एका मुलाची आई आली. बाई चिडल्या, मग रडकुंडीला आल्या, मग एक दिवस म्हणाल्या, "साठ पोरांत मी कुणाकुणाला उत्तर देऊ?" तो प्रश्नही खराच होता. शनिवारचा एक तास नुसत्या प्रश्नांसाठी ठेवायचा, एवढं ठरलं. फार मोठं काही झालं नाही. पोट अजून अधूनमधून दुखतं.

घरी शिकवणं वाईट, असं भिंगरीची आई कधी म्हणत नाही. ज्यांना जमतं त्यांनी जरूर शिकवावं. पण तुम्ही हे ठरवायला बसाल तेव्हा तिचा तो रविवारचा प्रश्न आधी स्वतःला विचारा. दोघांचंही नाव काढाल का? आणि दोन्ही लेकरं समोर असताना तुमच्या तोंडून हाक कुणाच्या नावाने निघते, ते एकदा कान देऊन ऐका.

आता संध्याकाळी खिडकीशी तेच टेबल असतं. परवा भिंगरी गणित करत बसली होती आणि आत्या अभ्र्यांचा ढीग घेऊन तिथून चालली होती. ती टेबलाशी थांबली. बराच वेळ वहीकडे बघत राहिली.

"काय गं," तिने विचारलं, "अर्धपावाच्या पुढे काय असतं?"

"त्याचा अर्धा, आत्या. मग त्याचा अर्धा. मग त्याचाही. ते संपतच नाही."

खालून नवऱ्याची हाक आली, टोक धरा रे कुणीतरी. ढब्बू कुरकुरत उठला आणि जिना उतरला. आत्याने अभ्रे पलंगावर ठेवले आणि खुर्ची ओढली.

"मग दाखव," ती म्हणाली.